चाळीस कमांड एकदम सोडल्या आणि तेहतीस सर्व्हर राहून गेले (की बत्तीस?)

काम तसं फालतू होतं. यादीत ६४ सर्व्हर, प्रत्येकावर एक कॉन्फिग फाइल बदलायची, सर्व्हिस रीस्टार्ट मारायची, ती नीट उठली का ते बघायचं आणि जाता जाता डिस्क किती भरलीये तेही छापायचं. एका सर्व्हरला साधारण १२ सेकंद लागायचे, त्यातले बहुतेक सर्व्हिस उठायची वाट बघण्यात. एकापाठोपाठ एक लूप लावला की ६४ गुणिले १२ म्हणजे ७६८ सेकंद, पावणेतेरा मिनिटं. एरवी रात्री वीस मिनिटांची विंडो (असे बदल करायला ठरवून दिलेला वेळ) मिळायची त्यामुळे कोणी कधी तक्रार केली नाही, लूप लावायचा, चहा घेऊन यायचं, झालं. त्या दिवशी मात्र विंडो दहाच मिनिटांची होती.

सहकारी म्हणाला, "अरे त्यात काय, लूप काढ, एक्सआर्ग्ज लाव, मायनस कॅपिटल पी ४० दे, मिनिटाच्या आत खेळ खल्लास." (एक्सआर्ग्ज यादीतल्या प्रत्येक नावावर कमांड चालवतं, मायनस कॅपिटल पी ४० म्हणजे एका वेळी चाळीस.) आणि खरंच झाला. पंधरा सेकंदांच्या आसपास सगळं थांबलं, स्क्रीनवरून शेकडो ओळी धबाधबा गेल्या, त्यात 'झालं' 'झालं' दिसत होतं, शेवटी स्क्रिप्टने 'सर्व सर्व्हर अपडेट' असं छापलं, आम्ही दोघं खूश होऊन झोपायला गेलो. पंधरा सेकंदात का संपलं हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता, कारण ६४ कामं चाळीसच्या दोन खेपांत केली तरी १२ अधिक १२ म्हणजे चोवीस सेकंद तरी लागणारच. पण वेगाने काम संपलं की माणूस हिशोब करत नाही, उशीर झाला की करतो.

सकाळी फोन. निम्म्या सर्व्हरवर जुनीच कॉन्फिग.

आधी हाताने एकेक सर्व्हर तपासून राहिलेले उरकून घेतले, ते मोजले तर बत्तीस भरले. मग बसलो लॉग घेऊन. नशीब एवढंच की सगळं आउटपुट टी कमांडमधून फाइलमध्ये पण जात होतं, स्क्रीनवर सोडलं असतं तर पुरावाच नव्हता. फाइलमध्ये साडेनऊशेच्या आसपास ओळी, आणि त्या वाचायला घेतल्यावर पहिल्या पानातच डोकं धरलं. नमुना देतो, सर्व्हरची नावं बदलून:

वेब-१७: कॉन्फिग कॉवेब-०३: डिस्क ४१%
पी केली
झालं
कनेक्शन क्लोज्ड बाय अननोन पोर्ट ६५५३५
रीस्टार्ट सुरू
रीस्टार्ट सुरू
वेब-२२: डिझालं
स्क ६८%

आता सांगा हे पहिलं 'झालं' कुणाचं? सतराचं की तीनचं? 'रीस्टार्ट सुरू' दोनदा आहे, ते दोन वेगळे सर्व्हर की एकाच सर्व्हरने दोनदा प्रयत्न केला? मुळात आमच्या स्क्रिप्टमध्ये काही ओळींना सर्व्हरचं नाव होतं आणि काहींना नव्हतं, कारण एकापाठोपाठ एक चालवताना त्याची गरजच पडली नव्हती, वरच्या ओळीत नाव आहे म्हणजे खालचं सगळं त्याचंच. सिरियलमध्ये ओळीची जागा हीच तिची ओळख असते, पॅरलल केलं की ती ओळख पहिली जाते.

मोजायला गेलो तर तिथेही गंमत. ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) 'झालं' पासून सुरू होणाऱ्या ओळी मोजल्या, २७ आल्या. मग लक्षात आलं की चार 'झालं' दुसऱ्याच ओळींच्या पोटात शिरलेत, वरच्या बावीस नंबरसारखे. ओळी मोजायच्या ऐवजी शब्द किती वेळा येतो ते मोजलं तेव्हा ३१ आले. म्हणजे आउटपुट मिसळलं की माणसालाच वाचता येत नाही असं नाही, मशीनलाही मोजता येत नाही. ६४ मधून ३१ गेले, उरले ३३. पण सकाळी हाताने मोजलेले तर ३२ होते. एक मोजायला चुकला असेल म्हणून सोडून दिलं. (हा एक लक्षात ठेवा, पुढे येतो.)

उरलेले गेले कुठे?

ती 'अननोन पोर्ट ६५५३५' वाली ओळ लॉगमध्ये नऊ वेळा होती. आमचे सगळे सर्व्हर एका जंप होस्टच्या मागे आहेत, एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून कमांड चालवणारं टूल) आधी जंप होस्टवर जातं आणि तिथून पुढे. जंप होस्टनेच दार लावलं तर पलीकडच्या सर्व्हरपर्यंत गोष्ट पोचतच नाही आणि एसएसएच बिचारं सांगतं की कुणीतरी अनोळखी माणसाने कनेक्शन बंद केलं, पोर्ट ६५५३५. त्यात सर्व्हरचं नाव नाही. म्हणजे जी ओळ सगळ्यात महत्त्वाची होती तिलाच नाव नव्हतं.

जंप होस्टचा लॉग काढला तर तिथे स्वच्छ लिहिलेलं, मॅक्सस्टार्टअप्सचं थ्रॉटलिंग सुरू. ओपनएसएसएचच्या सर्व्हरमध्ये ही एक सेटिंग असते, डिफॉल्ट १०:३०:१००. अर्थ असा की अजून लॉगिन पूर्ण न झालेली कनेक्शन दहा झाली की नवीन येणाऱ्यांपैकी ३० टक्के तो सरळ सोडून देतो, आणि ती टक्केवारी वाढत वाढत शंभर अर्धवट कनेक्शनला १०० टक्के होते. कुणाला सोडायचं ते नशिबावर. आम्ही एका क्षणात चाळीस जणांना दारावर धडकवलं, त्यातल्या नऊ जणांना धक्का बसला. सर्व्हरची काही चूक नाही, तो स्वतःचं रक्षण करत होता.

पण नऊच ना? मग बाकीचे चोवीस?

हे शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि उत्तर एक्सआर्ग्जच्या मॅन पेजमध्ये (कमांडसोबत येणाऱ्या माहितीपानात) अगदी उघड्यावर पडलेलं होतं. कमांडने १ ते १२५ मधला एक्झिट कोड (संपताना दिलेला आकडा, शून्य म्हणजे काम नीट झालं) दिला तर एक्सआर्ग्ज पुढची कामं चालूच ठेवतं आणि शेवटी स्वतः १२३ देऊन बाहेर पडतं. पण कमांडने २५५ दिला तर तो त्याला 'आता थांब' असा हुकूम समजतो, यादीतलं पुढचं नाव वाचतच नाही आणि १२४ देऊन बाहेर पडतो. आणि एसएसएचला कनेक्शनच जमलं नाही की ते काय देतं? २५५. दोन्ही टूल आपापल्या जागी बरोबर, दोघांनी स्वतंत्रपणे २५५ हाच आकडा निवडला आणि आमच्या डोक्यावर त्यांची गाठ पडली. पहिल्या खेपेचे चाळीस सुटले, पहिल्या सेकंद-दीड सेकंदातच एकाला जंप होस्टने हाकललं, २५५ आला, एक्सआर्ग्जने दुकान बंद केलं, जे आधीच चालू होते ते आपापलं काम करून संपले, आणि यादीतले शेवटचे चोवीस सुरूच झाले नाहीत. एकतीस झाले, नऊ हाकलले, चोवीस सुरूच नाही. चौसष्ट.

एक्सआर्ग्जने सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. लॉगमध्ये ४४ व्या ओळीला 'एक्झिटेड विथ स्टेटस २५५. अबॉर्टिंग' असं स्पष्ट होतं. पण त्यानंतर दहा-बारा सेकंद बाकीचे लोक बडबडत होते, नऊशे ओळी त्याच्यावरून गेल्या, स्क्रीनवरून ती केव्हाच वर सरकली होती. आणि १२४ हा एक्झिट कोड? तो टीमध्ये बुडाला. पाइपच्या (एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देणाऱ्या साखळीच्या) शेवटी टी होतं, टीचं काम व्यवस्थित झालं, टीने शून्य दिला, स्क्रिप्टने शून्य बघून 'सर्व सर्व्हर अपडेट' छापलं. ज्या टीने पुरावा वाचवला त्यानेच गुन्हा झाकला.

ओळी मधेच का तुटतात

इथे जरा थांबतो, कारण 'पॅरलल चालवलं की आउटपुट मिसळतं' हे सगळ्यांना माहीत असतं पण ओळी अर्ध्यात का तुटतात हे विचारलं की लोक 'होतं तसं' म्हणतात. मीही म्हणायचो.

एक्सआर्ग्जने सोडलेल्या चाळीसही प्रोसेसना एकच आउटपुट वारशाने मिळतं, म्हणजे एकाच पाइपचं एकच तोंड. पाइपबद्दल पॉसिक्सची (युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या मानकाची) हमी अशी आहे की पाइप-बफ या मर्यादेइतक्या किंवा त्याहून कमी बाइटचं एक राइट (प्रोग्रॅमने एका वेळी केलेलं लिहिणं) अखंड जाईल, मधे दुसऱ्याचं काही घुसणार नाही. हा आकडा कमीत कमी ५१२ असलाच पाहिजे, लिनक्सवर ४०९६ आहे. लोक हे वाचतात आणि म्हणतात, मग माझी ओळ तर ऐंशी अक्षरांची आहे, ती कशी तुटली? तर हमी राइटची आहे, ओळीची नाही. आणि एक राइट म्हणजे एक ओळ असं मुळीच नसतं. प्रोग्रॅमचं आउटपुट टर्मिनलवर जात असेल तर सी लायब्ररी ओळ संपली की लगेच सोडते, पण तेच पाइपमध्ये जात असेल तर बफर (तात्पुरती साठवायची जागा) भरेपर्यंत धरून ठेवते आणि भरला की जिथे असेल तिथे कापून पाठवते, मग ती जागा शब्दाच्या मधोमध का असेना. 'डि' एका राइटमध्ये, 'स्क' पुढच्या राइटमध्ये, आणि दोघांच्या मधल्या फटीत दुसऱ्या सर्व्हरचं 'झालं'.

आमच्या केसमध्ये अजून एक थर होता. पलीकडच्या सर्व्हरवरून जे येतं ते नेटवर्कवरून तुकड्यातुकड्यांत येतं आणि एसएसएच क्लायंट तुकडा मिळाला की तसाच पुढे ढकलतं, त्याला ओळबिळ काही कळत नाही. म्हणून पलीकडे स्क्रिप्ट कितीही शिस्तीत ओळ-ओळ लिहीत असली तरी अलीकडे कुठे तुटेल ते सांगता येत नाही.

त्यात एरर वेगळ्या रस्त्याने येतात. स्टँडर्ड एररला बफर नसतो, तो लगेच सुटतो. त्यामुळे एकाच सर्व्हरच्या लॉगमध्येही 'रीस्टार्ट फेल' आधी दिसतं आणि 'रीस्टार्ट करतोय' नंतर, कारण दुसरी ओळ बफरमध्ये अडकून पडलेली असते. आमच्याकडे सर्व्हिस उठली का ते बघणारा तुकडा पायथनचा होता आणि तो अगदी हेच करत होता. पायथनला मायनस यू देऊन बफर बंद केला तेव्हा क्रम सुधारला. सीमध्ये लिहिलेल्या टूलना स्टडबफ (बफरची पद्धत बदलणारी कमांड) लावता येतं, पण ते सी लायब्ररीच्या बफरवरच चालतं, पायथनला त्याचा काही फरक पडत नाही. आणि दोन्ही प्रवाह एकत्र करायचे तर ते पलीकडच्या सर्व्हरवरच करायचे, अलीकडे आल्यावर नाही, कारण एसएसएच ते दोन वेगळ्या प्रवाहांत आणतं आणि त्यांचा आपसातला क्रम तोवर हरवलेला असतो.

पहिला उपाय, जो फसवा निघाला

पहिली आयडिया कुणालाही सुचेल तीच, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला सर्व्हरचं नाव चिकटवायचं. एसएसएचचं आउटपुट सेडमध्ये घालायचं, सेड प्रत्येक ओळीच्या पुढे नाव लावतं, मग कितीही मिसळलं तरी नंतर ग्रेप करून एकाचं वेगळं काढता येतं. सेडलाही मायनस यू द्यायचं, नाहीतर सेड स्वतःच बफर करतं आणि परत ओळी मधे तुटतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

हे लावून एका शांत दुपारी चाचणी घेतली, रीस्टार्ट काढून फक्त डिस्क तपासायची. चाळीसच ठेवले होते मुद्दाम. आणि काय आश्चर्य, यादीतली सगळी नावं सुरू झाली, मधे काही थांबलं नाही, एक्सआर्ग्जने शून्य दिला! सहकारी म्हणाला सुटला प्रश्न. मी पण दोन मिनिटं तसंच समजलो.

प्रश्न सुटला नव्हता, त्याचं तोंड दाबलं गेलं होतं. पाइपचा एक्झिट कोड म्हणजे पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा कोड, आणि शेवटी होतं सेड. एसएसएचने २५५ दिला, सेडने शून्य दिला, एक्सआर्ग्जला शून्यच दिसला. जंप होस्ट तेवढ्याच जणांना हाकलत होता, फक्त आता ते फेल झालंय हे कुणालाच कळत नव्हतं. पहिल्या रात्री निदान १२४ तरी कुठेतरी जन्माला आला होता, आता तोही नाही. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात वाईट अवस्था, सुंदर रांगेत लावलेलं, नाव घातलेलं, वाचायला एकदम छान आउटपुट, आणि खोटं.

बॅशमध्ये पाइपफेल चालू केलं की पाइपमधला कुणीही पडला तर ते कळतं (हे आता २०२४ च्या पॉसिक्समध्येही आलंय, बराच काळ ती बॅश वगैरे मोजक्या शेलचीच सोय होती). ते चालू केलं आणि लगेच २५५ परत आला आणि एक्सआर्ग्ज परत अर्ध्यावर थांबलं. म्हणजे आम्ही पहिल्या चौकात परत, पण यावेळी डोळे उघडे ठेवून.

नाव चिकटवण्याचा दुसरा त्रास असा की मिसळणं जात नाही, फक्त ओळखता येतं. चाळीस सर्व्हरच्या ओळी एकमेकांत विणलेल्या, प्रत्येकीला नाव आहे, तरी एका सर्व्हरची गोष्ट सलग वाचायची तर डोळ्यांना कसरत. लाइव्ह बघायला ठीक, नंतर वाचायला नाही.

बाकी जे पाहिलं

जीएनयू पॅरलल अर्थातच पाहिलं, खरं तर याच रोगावरचं औषध आहे ते. प्रत्येक कामाचं आउटपुट ते आधी टेम्पररी फाइलमध्ये साठवतं आणि काम संपलं की एका गठ्ठ्यात छापतं, हे डिफॉल्टच आहे, वेगळं काही सांगावं लागत नाही. टॅग दिला की ओळीपुढे नाव येतं, कीप-ऑर्डर दिलं की यादीच्या क्रमानेच छापतं, जॉबलॉग दिला की कुठलं काम किती वेळ चाललं आणि कुठला कोड देऊन संपलं त्याचा तक्ता बनतो, आणि त्या तक्त्यावरून फक्त फेल झालेलेच परत चालवता येतात. कीप-ऑर्डरची एकच खोड, यादीतला पहिलाच सर्व्हर अडकला तर मागच्यांचं काम संपलं तरी त्यांचं आउटपुट दिसत नाही, सगळे त्याच्या मागे रांगेत, आणि बघणाऱ्याला वाटतं सगळंच हँग झालं. शिवाय गठ्ठा छापताना ते आधी स्टँडर्ड आउटपुट आणि मग एरर असं छापतं, म्हणजे एरर नक्की कुठल्या पायरीवर आली ते कळायला दोन्ही पलीकडेच एकत्र करावं लागतं, ते वर सांगितलंच.

आम्ही ते वापरलं नाही याचं कारण तांत्रिक नाही. ज्या मशीनवरून हे चालवायचं तिथे नवीन पॅकेज टाकायचं म्हणजे परवानगीचा घोळ, आणि वरून तिथे पॅरलल नावाचं एक होतं, पण ते मोरयुटिल्स नावाच्या दुसऱ्याच पॅकेजमधलं, नाव तेच, ऑप्शन वेगळे. अर्धा तास मी त्याला टॅग देत होतो आणि ते मला शिव्या देत होतं. तुमच्याकडे असेल किंवा टाकता येत असेल तर तेच वापरा, पुढचं सगळं आम्ही हाताने केलं ते त्याचंच गरीब व्हर्जन आहे.

मेक या प्रोग्रॅम बांधायच्या टूलचा विचार सहकाऱ्याच्या डोक्यातून निघाला आणि तो वाटतो तितका वेडा नाही. प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक टार्गेट, मायनस जे ८ (एका वेळी आठ), आणि आउटपुट-सिंक. हा ऑप्शन जीएनयू मेक ४.० मध्ये, २०१३ ला आला, त्याने प्रत्येक टार्गेटचं आउटपुट गोळा होऊन एकत्र बाहेर पडतं. कीप-गोइंग दिलं की एक पडला म्हणून बाकीचे थांबत नाहीत. चाललं असतं. पण मेकफाइल वाचणारा आमच्यात एकच माणूस आणि तो रजेवर जातो.

शेवटी काय केलं

प्रत्येक रनला तारीख-वेळेच्या नावाचं एक फोल्डर. एक छोटी रॅपर स्क्रिप्ट, तिला एका सर्व्हरचं नाव मिळतं, ती एसएसएच करते, सगळं आउटपुट त्या फोल्डरमध्ये सर्व्हरच्या नावाच्या लॉग फाइलमध्ये टाकते, आणि अगदी शेवटची गोष्ट म्हणून एक्झिट कोड दुसऱ्या छोट्या फाइलमध्ये लिहिते. शेवटची गोष्ट हे महत्त्वाचं. कोडची फाइल आहे म्हणजे काम संपलं, शून्य असो नाहीतर काहीही. कोडची फाइल नाही म्हणजे एकतर सुरूच झालं नाही किंवा मधेच मेलं, उदाहरणार्थ कुणीतरी कंट्रोल-सी मारून थांबवलं. सामायिक पाइप नाही त्यामुळे मिसळायचा प्रश्नच नाही, ज्याची त्याची वही.

रॅपर स्वतः एक्सआर्ग्जला नेहमी शून्यच देतो. हे ऐकून एकजण दचकला, की आत्ताच तर कोड गिळल्याबद्दल सेडला शिव्या दिल्यास. फरक असा की सेडने गिळून विसरून टाकला, इथे आधी लिहून ठेवलाय आणि मग गिळलाय, फक्त २५५ मुळे बाकीच्यांचं काम थांबू नये म्हणून.

पण फाइलमध्ये टाकलं की स्क्रीनवर शांतता, आणि शांतता माणसाला झेपत नाही, तिसाव्या सेकंदाला कुणीतरी कंट्रोल-सी मारणारच. म्हणून प्रत्येक काम संपलं की रॅपर एक छोटी ओळ छापतो, सर्व्हरचं नाव, कोड आणि किती सेकंद लागले. अख्खी ओळ एकाच प्रिंटएफमधून, एकाच दमात, पन्नासेक बाइटची, त्यामुळे ती एकाच राइटमध्ये जाते आणि ओळ तुटत नाही. स्क्रीनवर ६४ ओळी, सगळा तपशील फोल्डरमध्ये.

टाइमआउट दोन ठिकाणी लावला. अलीकडे एसएसएचला, आणि पलीकडे प्रत्यक्ष कमांडलाही, कारण अलीकडचं एसएसएच मारलं म्हणून पलीकडचं काम थांबेलच असं नाही, ते तिथे निवांत चालू राहू शकतं आणि मग तुम्ही परत चालवता तेव्हा एकाच सर्व्हरवर दोन रीस्टार्ट भांडतात. टाइमआउट कमांडने वेळ संपल्यावर मारलं तर कोड १२४ येतो, तो ओळखीचा ठेवा. एसएसएचला बॅचमोड दिला, नाहीतर कुठल्यातरी एका सर्व्हरची लॉगिनची की (किल्ली) चुकलेली असते आणि ते पासवर्ड मागत बसतं, आणि तो प्रश्न थेट टर्मिनलवर येतो, आठ जणांच्या गर्दीत, नक्की कुणाचा पासवर्ड हवाय हे न कळता.

चाळीसचे केले आठ. मॅक्सस्टार्टअप्स दहाला सुरू होतं, त्याच्या खाली राहायचं, एवढंच लॉजिक. ६४ भागिले ८ म्हणजे आठ खेपा, गुणिले १२, म्हणजे ९६ सेकंद, प्रत्यक्षात पावणेदोन मिनिटांच्या आसपास लागतात. जंप होस्टला एकच कनेक्शन उघडं ठेवून सगळ्यांना त्यातून नेता येईल, एसएसएचच्या कंट्रोलमास्टर या सोयीने, मग आठाचे सोळा करता येतील. पण दहा मिनिटांच्या विंडोत पावणेदोन मिनिटं लागत असताना तिथे डोकं घालायची हौस कुणाला.

आणि सगळ्यात शेवटी हिशोब. हा भाग मी सगळ्यात मन लावून लिहिला कारण पहिल्या रात्री फसलो ते इथे. तेव्हा आम्ही आउटपुट बघून ठरवलं की सगळं झालं, पण जे चोवीस सुरूच झाले नाहीत त्यांचं आउटपुट असणार कुठून? जे बोललेच नाहीत ते बोलणाऱ्यांच्या गर्दीत कसे दिसणार? म्हणून हिशोब यादीवरून. यादीतलं एकेक नाव घ्यायचं, त्याची कोडची फाइल आहे का बघायचं, शून्य असेल तर पास, दुसरं काही असेल तर फेल, फाइलच नसेल तर गायब. फेल आणि गायब यांची नावं छापायची, फेल असेल तर त्याच्या लॉगच्या शेवटच्या पाच ओळी पण. पास झालेल्यांचं काही छापायचं नाही, फक्त आकडा. खाली एक ओळ, यादीत किती आणि फोल्डरमध्ये कोडच्या फाइली किती. ही शेवटची ओळ सहकाऱ्याने लावायला लावली, मला ती फालतू वाटत होती, वर नावानिशी हिशोब असताना परत फाइली मोजायच्या कशाला.

पुढच्या विंडोला चालवलं. आठ-आठच्या खेपांनी ओळी येत गेल्या, एकही २५५ नाही, एकही १२४ नाही. शेवटी हिशोब आला: पास ६४, फेल ०, गायब ०. आणि खालची ती फालतू ओळ: यादी ६४, फाइली ६३.

दोघंही बघत बसलो. गायब कुणी नाही, फेल कुणी नाही, आणि फाइल एक कमी. मी फोल्डर उघडून परत मोजलं, ६३. मग सहकाऱ्याने काही न बोलता यादी सॉर्ट केली, युनिकला मायनस डी दिलं (म्हणजे दोनदा आलेली नावंच दाखव), आणि एक नाव बाहेर आलं. वेब-०९, यादीत दोनदा, एकदा वर आणि एकदा अगदी खाली. दोन्ही कामांनी एकाच नावाची फाइल लिहिली, दुसऱ्याने पहिल्याची पुसली, आणि हिशोब यादीवरून असल्यामुळे दोन्ही वेळा ती फाइल सापडली आणि दोन्ही वेळा पास.

म्हणजे त्या सकाळी हाताने मोजलेले ३२ बरोबर होते, आणि ३३ चुकीचे. वेब-०९ चं वरचं नाव पहिल्या खेपेत झालं, खालचं त्या चोवीस जणांत राहिलं. आणि दर महिन्याला त्या बिचाऱ्या मशीनला आम्ही दोनदा रीस्टार्ट देत होतो, लूपमध्ये, ओळीने, नीट वाचता येईल अशा आउटपुटसकट.